एक्स्प्लेनर: जाड अक्षरात ‘उंब्रज’ का बिघडतं? दोन रुपये पगारावर टाइप घासणाऱ्या जावजी दादाजींनी मराठी अक्षराला वळण कसं लावलं?

साताऱ्याहून कऱ्हाडकडे निघालात की पुणे-बंगळूर महामार्गावर उंब्रज लागतं. तारळी नदी इथे कृष्णेला मिळते. समर्थ रामदासांच्या अकरा मारुतींपैकी एक इथला, चाफळला जाणारा रस्ता इथूनच फुटतो. पौषात जवळच्या पालला खंडोबा-म्हाळसेच्या लग्नाची यात्रा भरते तेव्हा भाविकांच्या स्वागताचे फ्लेक्स, वाढदिवसाचे फ्लेक्स, हॉटेलांच्या पाट्या यांची रस्त्याकडेला दाटी होते. या बहुतेक फ्लेक्सवर अक्षर एकाच घराण्यातलं असतं. जाड, गोल कोपऱ्यांचं, गुबगुबीत, थोडं खोडकर. लांबूनही नजर ओढून घेणारं.

आता गंमत बघा. ‘उंब्रज’ हा शब्द अशा जाड अक्षरात लिहिला की घोटाळा सुरू होतो. ‘ब’च्या पोटात एक तिरकी रेघ असते. ती जाड झाली की पोट भरून जातं आणि ‘ब’ दुरून ‘व’सारखा दिसतो. त्याच ‘ब’ला खाली ‘र’ची तिरकी काडी लागून ‘ब्र’ होतो. तीही जाड केली की दांड्याला चिकटून नुसता ठिपका उरतो. ‘उ’वरचा अनुस्वार शिरोरेषेत बुडतो. मग तीन अक्षरांचं गावाचं नाव वाचणाऱ्याने अंदाजाने पुरं करायचं.

महामार्गावर अंदाजाला वेळ नसतो. ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर अंतर कापते. तीन सेकंद अक्षर ओळखण्यात गेले, तर पाटी मागे पडलेली असते आणि फाटाही.

हा प्रश्न फ्लेक्सवाल्यांनी जन्माला घातलेला नाही. मराठी अक्षर धातूत ओतायला घेतलं तेव्हापासून तो आहे. आणि तो सोडवण्यात ज्यांनी आयुष्य घालवलं, त्यांच्यात सगळ्यात मोठं नाव जावजी दादाजी चौधरी यांचं. ‘निर्णयसागर’ छापखान्याचे संस्थापक. जन्म १८३९, मृत्यू १८९२. शाळेचं शिक्षण बेताचं.

आधी हे ‘डिस्प्ले’ अक्षर म्हणजे काय?

अक्षरांचे ढोबळमानाने दोन वर्ग. एक वाचनाचं अक्षर, म्हणजे बातमी, पुस्तक, पंचांग यात पानभर येणारं. ते जाणवूच नये, हे त्याचं यश. दुसरं मिरवण्याचं अक्षर. पाटी, जाहिरात, मुखपृष्ठ, मिठाईचा डबा, मोबाइलवरच्या व्हिडिओचं चित्र. ते जाणवलंच पाहिजे. या दुसऱ्या वर्गाला डिस्प्ले टाइप म्हणतात.

जाडजूड डिस्प्ले टाइपची सुरुवात लंडनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी झाली. लॉटरी आणि मालाच्या जाहिराती भिंतींवर लागू लागल्या, आणि पुस्तकी अक्षर भिंतीवर कोणी वाचेना. मग ओतारींनी त्याच अक्षराला खाऊ घालून गलेलठ्ठ केलं. रॉबर्ट थॉर्न याचं नाव त्यात पहिल्यांदा घेतलं जातं. पुढे १९२२ मध्ये शिकागोच्या ऑस्वाल्ड कूपरचं ‘कूपर ब्लॅक’ आलं. सगळे कोपरे गोल, जणू लोण्याचे गोळे. जगभरच्या दुकानांच्या पाट्यांवर ते आजही आहे.

मराठीत या धाटणीचं आजचं लोकप्रिय अक्षर म्हणजे मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘बलू’. नाव ‘जंगल बुक’मधल्या अस्वलावरून घेतलेलं. फुकट मिळतो, त्यामुळे सगळीकडे दिसतो. नऊ भारतीय लिप्यांसाठी त्याची वेगवेगळी भावंडं केली, आणि नावंही त्या त्या भाषेतली. गुजरातीला ‘बलू भाई’, बंगालीला ‘बलू दा’, तमिळला ‘बलू थंबी’, मल्याळमला ‘बलू चेट्टन’, पंजाबीला ‘बलू पाजी’. जाड असूनही तो वाचता येतो, कारण जाडी वाढवताना अक्षराच्या पोटातली रिकामी जागा कुठे राखायची याचा विचार झालेला आहे. संगणकावर हे काम काही क्लिकांचं वाटतं. दीडशे वर्षांपूर्वी ते पोलादाच्या टोकावर, भिंगातून बघत, कानशीने करावं लागे.

जावजींच्या आधी मराठी छपाई कुठे होती?

थोडं मागे जाऊ, कारण सुरुवातीचा एक धागा सांगली जिल्ह्यातच आहे. पेशवाईच्या शेवटच्या काळात पुण्याचा इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्या संपर्कातून नाना फडणवीसांना छपाईची कल्पना सुचली. गीता छापायची, म्हणून एका तांबटाकडून तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं कोरण्याचं काम सुरू झालं. १८०० मध्ये नाना वारले आणि काम अडलं. मग तो कारागीर मिरजेला गंगाधरराव पटवर्धनांकडे गेला आणि १८०५ मध्ये मिरजेत गीता छापली गेली.

त्याच वर्षी बंगालमधल्या श्रीरामपुरात विल्यम केरीचं मराठी व्याकरण निघालं. तेही देवनागरीत. पण दोन्हींत एक मूलभूत फरक होता. मिरजेच्या पत्र्यावर अख्खं पान कोरलेलं होतं. ते पान त्याच पुस्तकाचं, दुसऱ्या कशालाही निरुपयोगी. श्रीरामपुरात सुटे टाइप होते. एक पुस्तक छापून झालं की खिळे सोडवायचे, खणात परत टाकायचे आणि दुसरं पुस्तक जुळवायचं. छपाई स्वस्त झाली ती या सुट्या खिळ्यांमुळे.

मुंबईत हे तंत्र अमेरिकन मिशनऱ्यांनी रुजवलं. त्यांच्या छापखान्याचं काम १८१७ च्या सुमारास सुरू झालं. सुरुवातीचे मराठी टाइप बोजड, ओबडधोबड होते. तिथे टॉमस ग्रॅहम या कारागिराने मराठी टाइप सुबक करण्याचं काम हाती घेतलं. दुसऱ्या बाजूला गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापून दाखवलं होतं. छापलेला धर्मग्रंथ शिवायचा की नाही, शाईत चरबी असेल तर सोवळ्याचं काय, अशा शंका लोकांना होत्या. म्हणून गणपत कृष्णाजी तुपाची शाई वापरत, असं सांगितलं जातं. छापील मराठी अक्षराला घरात शिरायला एवढे अडथळे होते.

दहा वर्षांचं पोर छापखान्यात काय करत होतं?

जावजींचा जन्म मुंबईतल्या एका गरीब मराठा कुटुंबातला. शिकण्याच्या वयात कमावणं भाग होतं. दहा वर्षांच्या आसपास असताना ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात लागले. काम, टाइप घासायचं. पगार महिना दोन रुपये.

टाइप घासणं म्हणजे काय, हे आज सांगावं लागतं. वितळलेला धातू साच्यात ओतून एकेक खिळा निघतो. त्याला कडेला धातूची पापडी राहते, तळाशी शेपूट राहतं. शेपूट तोडायचं आणि खिळ्याच्या बाजू दगडावर घासून सपाट करायच्या. दिवसभर. जास्त घासला तर खिळा बारीक होतो आणि ओळीत डुगडुगतो. कमी घासला तर शेजारच्याला ढकलतो. उंचीतही फरक चालत नाही. इंग्रजी पद्धतीच्या टाइपची उंची पुढे ०.९१८ इंच अशी ठरली, म्हणजे साधारण सव्वातेवीस मिलिमीटर. एक खिळा केसभर उंच राहिला तर कागदाला भोक पाडतो, बुटका राहिला तर उमटतच नाही.

आजच्या भाषेत त्या पोराच्या बोटांना टॉलरन्स कळू लागलं होतं. कुठल्याही शाळेत हे शिकवलं जात नव्हतं. ग्रॅहमच्या फाउंड्रीत ओतकाम, घासकाम, जुळणी हे सगळं एकाच छपराखाली चाले, आणि जावजी ते जवळून पाहत होते.

पुढे मिशनच्या छापखान्यातून ते टाइम्सच्या छापखान्यात गेले. नंतर ‘इंदुप्रकाश’मध्ये. १८६२ मध्ये निघालेलं हे मराठी-इंग्रजी साप्ताहिक सुधारकांचं होतं, विधवाविवाहाचा पुरस्कार करणारं. तिथून ओरिएंटल छापखाना. या सगळ्या नोकऱ्यांत ते टाइपच्या कामावरच राहिले. एक कसब धरलं आणि सोडलं नाही.

मराठी टाइप इंग्रजीपेक्षा अवघड का?

इंग्रजीला लहान-मोठी मिळून बावन्न अक्षरं, आकडे, विरामचिन्हं. शंभराच्या आसपास खणांत काम भागतं. अक्षरं एकामागे एक रांगेत बसतात.

मराठी अक्षर तीन मजली आहे. मधल्या मजल्यावर व्यंजन. वर मात्रा, वेलांटी, अनुस्वार, रफार. खाली उकार, ऋकार, पाय मोडला तर त्याचं चिन्ह. शिवाय जोडाक्षरं, काही आडवी तर काही उभी. धातूचा खिळा मात्र चौकोनी. त्याच्या अंगाबाहेर काही लोंबू शकत नाही, आणि लोंबवलं तर ते टोक तुटतं. मग ‘कि’ची वेलांटी ‘क’च्या डोक्यावर आणायची कशी? यावर मुंबईच्या कारागिरांनी वेगवेगळे तोडगे काढले. काही चिन्हं वेगळ्या पातळ खिळ्यांवर, काही अक्षरं मात्रेसकट ओतलेली, काही खिळ्यांचं डोकं कापून तिथे चिन्हाला जागा केलेली. परिणामी मराठी जुळाऱ्यासमोर शेकडो खण असत. एकेक शब्द म्हणजे छोटं सुतारकाम.

यात शिरोरेषा आणखी छळते. प्रत्येक खिळ्यावर तिचा तुकडा असतो. शेजारचा तुकडा कणभर वर-खाली झाला तर ओळ दातेरी दिसते. जुनी स्वस्त पुस्तकं उघडा, शिरोरेषेत फटी दिसतील. निर्णयसागरची पुस्तकं उघडा, रेघ सलग जाते. लहानपणी हाताने घासलेले खिळे इथे आठवावेत. सलग रेघेमागे तीच शिस्त आहे.

१८६४: नोकरी सोडण्याचा निर्णय

१८६४ मध्ये, वयाच्या पंचविशीत, जावजींनी स्वतःची टाइप फाउंड्री काढली.

तो काळ लक्षात घ्यायला हवा. अमेरिकेत यादवी युद्ध सुरू होतं, तिथला कापूस इंग्लंडला जाणं थांबलं होतं, आणि मुंबईचा कापूस सोन्याच्या भावाने जात होता. शहरात पैशाचा पूर आला. शेअर्सचं वेड, रोज नव्या कंपन्या. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि सगळं कोसळलं. मोठमोठे शेठ भिकेला लागले. नवीन धंद्यासाठी इतका वाईट मुहूर्त शोधून सापडला नसता. शिवाय जावजी माल विकत होते तो छापखान्यांना, आणि मंदीत छपाईचा खर्च आधी कापला जातो.

तरी फाउंड्री टिकली. याचं एक कारण व्यावहारिक दिसतं. टाइप झिजतो. शिसं मऊ असतं, हजारो छापांनंतर अक्षराची धार जाते. छापखाना चालू ठेवायचा तर नवा टाइप घ्यावाच लागतो. दुसरं कारण राणोजी.

राणोजी रावजी आरू कोण?

जावजींचे मित्र आणि सहकारी. निर्णयसागरच्या टाइपचे पंच त्यांनी कोरले. जावजींचं नाव छापखान्यावर राहिलं, पण मराठी अक्षराचं वळण म्हणून आपण जे ओळखतो ते राणोजींच्या बोटांतून आलेलं आहे. मराठी वाचकाला हे दुसरं नाव फारसं ठाऊक नसतं, ते असायला हवं.

पंच म्हणजे पोलादाची छोटी कांडी. तिच्या टोकावर अक्षर उलटं, उठावाचं कोरायचं. ‘ब’ कोरायचा तर ‘ब’च्या पोटातली रिकामी जागा आधी खोदायची आणि मग बाहेरचा आकार कानशीने आणायचा. म्हणजे अक्षराची सुरुवात काळ्या भागातून होत नाही, पांढऱ्यातून होते. जाड अक्षराचं सगळं गणित याच एका गोष्टीत आहे. काळा भाग कोणीही वाढवू शकतो. पोट किती शिल्लक ठेवायचं, हे ज्याला कळतं त्याचं अक्षर वाचलं जातं.

पंच तयार झाला की तापवून, पाणी देऊन कडक करायचा. मग तांब्याच्या तुकड्यावर ठोकायचा. तांब्यात अक्षराचा खळगा पडतो, ती मातृका. मातृका साच्याच्या तळाशी बसवून वर धातू ओतायचा. नुसतं शिसं ३२७ अंशांना वितळतं पण फार मऊ असतं, थंड होताना आक्रसतं. त्यात अँटिमनी घातलं की कडकपणा येतो आणि आक्रसणं कमी होतं, म्हणून कडा धारदार निघतात. थोडं कथील घातलं की रस नीट वाहतो. एका पंचातून मातृका, एका मातृकेतून हजारो खिळे. पंच चुकला तर चूकही हजारोंनी.

राणोजी आणि जावजींनी एकाच अक्षराची वेगवेगळी मापं केली. पायका, ग्रेट अशी मापांची इंग्रजी नावं मराठी छापखान्यांत रुळली. मोठं अक्षर म्हणजे लहान अक्षर फुगवलेलं नव्हे. लहान मापात पोट मोठं ठेवावं लागतं, नाहीतर शाई भरते. मोठ्या मापात तेच पोट भकास दिसतं. प्रत्येक मापाचा पंच वेगळा, हिशोब वेगळा. आज कोपरा धरून फाँट ताणणाऱ्या माउसला हे ठाऊक नसतं.

भिंतीवरच्या जाहिरातींसाठी लागणारी हातभर अक्षरं मात्र शिशाची करत नाहीत. वजन फार होतं, आणि मोठा ठोकळा थंड होताना वरून खोलगट होतो. ती लाकडात कोरतात. जावजींची कीर्ती तसल्या अक्षरांवर उभी नाही, ती वाचनाच्या अक्षरावर उभी आहे. पण पुढे मराठी पाट्या आणि पोस्टर रंगवणाऱ्यांच्या डोळ्यांत ‘बरोबर’ अक्षर म्हणून जे बसलं होतं, ते पुस्तकातून आलेलं हेच वळण होतं.

‘निर्णयसागर’ हे नाव कुठून आलं?

पंचांगावरून. ‘निर्णयसागर पंचांग’ जावजी काढत होते, आणि १८६९ मध्ये स्वतःचा छापखाना घातला तेव्हा तेच नाव छापखान्याला दिलं.

पंचांग छापणं हे धंद्याच्या दृष्टीने शहाणपणाचं होतं. दरवर्षी नवं लागतं, घरोघर लागतं, खपाची काळजी नाही. पण त्यात धोकाही तेवढाच. पानभर आकडे, कोष्टकं, तिथी, नक्षत्रांची संक्षिप्त अक्षरं. एक घटिका चुकली की मुहूर्त चुकला, आणि बदनामी गावोगाव. कादंबरीतली चूक वाचक पोटात घालतो, पंचांगातली नाही. बिनचूकपणासाठी निर्णयसागरचं नाव झालं त्यात पंचांगाची ही तालीम कामी आली असणार.

छापखाना काळबादेवीच्या कोलभाट लेनमध्ये. तिथला टाइप मुंबईबाहेरच्या छापखान्यांनाही जाऊ लागला. गावोगावी छापखाने निघत होते, वर्तमानपत्रं, लग्नपत्रिका, हस्तपत्रकं छापली जात होती. लोक हाताने लिहीत ते मोडी, छापखान्यात मात्र बाळबोध. कारण सुबक, पुरेसा आणि परवडणारा टाइप बाळबोधचा मिळत होता. मोडी मागे पडण्याची कारणं अनेक आहेत, पण त्यात टाइपच्या खणांचाही वाटा आहे. कुठली लिपी जगेल हे काही वेळा शाळा ठरवते, काही वेळा ओतारी.

संस्कृत ग्रंथ आणि मुलांचं मासिक

इथे या आयुष्यातला सगळ्यात विलक्षण भाग येतो. ज्यांना शाळा फारशी लाभली नाही, वेदपठणाचा अधिकार ज्यांच्या जातीला पंडित देत नव्हते, त्या जावजींनी संस्कृत ग्रंथ छापायला घेतले. १८८६ मध्ये ‘काव्यमाला’ सुरू झाली. जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि मुंबईचे काशिनाथ पांडुरंग परब यांनी संपादन केलं. हस्तलिखितांत अडकलेली काव्यं, नाटकं, अलंकारशास्त्राचे ग्रंथ एकापाठोपाठ एक बाहेर आले. जगन्नाथ पंडिताचा ‘रसगंगाधर’ या मालेतला. पाठशाळांत, कॉलेजांत, युरोपातल्या विद्यापीठांत निर्णयसागरची प्रत म्हटली की पाठ विश्वासाचा, असं समीकरण झालं.

पंडित मानधनावर येत, प्रुफं तपासत, टिपा लिहीत. पैसे कोण घालतंय, तर एकेकाळी दोन रुपयांवर टाइप घासणारा माणूस. एकोणिसाव्या शतकाच्या महाराष्ट्रात जातीच्या प्रश्नावर सभा, वाद, पुस्तकं यांची धामधूम होती. जावजींचं नाव त्या वादांत ठळक दिसत नाही. त्यांनी जे केलं ते छापखान्याच्या हिशोबवहीत राहिलं. पण ज्ञान ज्यांच्या घरात बंद होतं त्यांच्याच मदतीने ते पैसे टाकून कोणालाही विकत घेता येईल असं करणं, हे कमी धाडसाचं नव्हतं.

जुन्या मराठी कवींसाठी ‘काव्यसंग्रह’ निघाला. आणि १८८१ मध्ये मुलांसाठी ‘बालबोध’ हे मासिक. संपादक विनायक कोंडदेव ओक. ते १९१४ मध्ये वारले, तोवर त्यांनी ते चालवलं. चरित्रं, शास्त्रीय माहिती, कविता, सोप्या मराठीत. मुलांच्या वाचनाला कसं अक्षर हवं हा आजच्या फाँटवाल्यांचा आवडता विषय. खेळकर हवं, गोल हवं, जाड हवं असं सांगितलं जातं. ‘बालबोध’ खेळकर अक्षरात नव्हतं. ते स्वच्छ अक्षरात होतं, आणि तेवढं पुरलं.

१८९२ नंतर काय झालं?

जावजी १८९२ मध्ये गेले, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी. मागे छापखाना, फाउंड्री, चालू असलेल्या ग्रंथमाला. मुलगा तुकाराम जावजी यांनी काम पुढे नेलं, नंतर पांडुरंग जावजी यांनी. जुन्या संस्कृत पुस्तकांच्या पहिल्या पानावर ही नावं आजही वाचायला मिळतात. विसाव्या शतकात यंत्रजुळणी आली, मग फोटोटाइपसेटिंग, मग संगणक. शिशाचे खिळे वितळवले गेले किंवा भंगारात गेले.

अक्षराचं वळण मात्र उरलं. मराठी ‘ल’ आणि मराठी ‘श’ हिंदीपेक्षा वेगळे दिसतात. मराठी ‘ल’ला दोन गोल पाकळ्या, मराठी ‘श’ला वरती गाठ. हे मुंबई धाटणीचं वळण छापील मराठीत घट्ट झालं ते निर्णयसागरसारख्या फाउंड्र्यांच्या टाइपमुळे. संगणकावर सुरुवातीच्या काळात उत्तरेचं वळण पसरलं आणि मराठी शाळांतल्या मुलांना फळ्यावर एक ‘ल’ आणि पडद्यावर दुसरा दिसू लागला. शेवटी ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयात राज्य सरकारला वर्णमाला आणि या अक्षरांची रूपं ठरवून द्यावी लागली.

मग जाड, खेळकर फाँट कुठे वापरायचा?

जावजींच्या कामावरून एक साधी कसोटी निघते. वाचणाऱ्याला एक-दोन शब्द ओळखायचे आहेत की ओळीच्या ओळी वाचायच्या आहेत? दुकानाचं नाव, भेळेच्या गाडीची पाटी, बारशाचा किंवा पहिल्या वाढदिवसाचा फ्लेक्स, मुलांच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ, शाळेच्या गॅदरिंगचा पडदा, लाडू-चिवड्याच्या पाकिटावरचं नाव, व्हिडिओचं शीर्षक. इथे गुबगुबीत अक्षर शोभतं. शब्द दोन-चार, माप मोठं, भोवती मोकळी जागा.

त्याच फ्लेक्सवर खाली पत्ता, वेळ आणि शुभेच्छुकांची चाळीस नावं त्याच जाड फाँटात टाकली की खेळ संपतो. अक्षरांची पोटं भरतात, ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’ यांत फरक उरत नाही. आडनावात अशी चूक झाली तर उंब्रजच्या चौकात त्याची चर्चा आठवडाभर चालते. तिथे साधं, मध्यम जाडीचं वाचनाचं अक्षर घ्यावं. श्रद्धांजलीचा फलक, औषधाची चिठ्ठी, दवाखान्यातले दिशादर्शक, ग्रामपंचायतीची नोटीस, रस्त्यावरचं गावाचं नाव इथे खेळकर अक्षर नकोच. दुःखाच्या बातमीत लाडवासारखी अक्षरं कोणालाच आवडत नाहीत, हे सांगायला डिझायनर लागत नाही. तरी असे फलक लागतात, कारण दुकानदाराच्या संगणकात तोच फाँट पहिला येतो.

फाँट पसंत करण्याआधी चार नावं टाइप करून बघावीत, सातारा जिल्ह्यातलीच पुरतात. ‘लोणंद’मध्ये ‘ल’ मराठी वळणाचा येतो का. ‘शिरवळ’मध्ये ‘श’ची गाठ दिसते का, आणि ‘ळ’ची दोन्ही पोटं उघडी आहेत का. ‘कऱ्हाड’मध्ये ‘ह’आधीचा अर्धा ‘र’ नीट चंद्रकोरीसारखा बसतो की ‘ह’च्या डोक्यावर रफार होऊन चढतो. बऱ्याच फाँटांची विकेट इथेच पडते. आणि शेवटी ‘उंब्रज’. प्रिंट काढून भिंतीला लावायचं, वीस पावलं मागे जायचं आणि ज्याने ते टाइप केलेलं नाही अशा माणसाला वाचायला सांगायचं.